उष्टा चीक

गिरगावातल्या फणसवाडीत कार्यालय आणि परळहून शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोठा, असा ज्या गोवत्स संगोपन मंडळाचा संसार होता, त्याचा मी दोन वर्षे मानद पशुवैद्यकीय सल्लागार होतो. ‘मानद’ या शब्दाचा मंडळाने लावलेला अर्थ असा, की सल्ला फुकट मागावा आणि मिळाल्यावर तो ऐकू नये. मी लावलेला अर्थ असा, की गाय व्याली की दुसऱ्या दिवशी दादरला माझ्या घरी खरवसाची वाटी येते. ती मी खात असे. हे आरंभीच सांगून टाकतो. कारण पुढे ज्यांच्याविषयी मी कठोर लिहिणार आहे, त्यांच्या पंगतीत माझेही पान मांडलेले होते.

सत्तावन्न सालच्या मार्चमधील गोष्ट. निवडणुकीचे निकाल लागून आठवडा झाला होता आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या विजयाची तोरणे लालबागच्या नाक्यावर अजून सुकत लोंबत होती. त्या सुमारास मंडळाचे चिटणीस शामराव उपासनी परळला माझ्या प्रयोगशाळेत आले. शामराव हे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. संयुक्त महाराष्ट्रासाठी ते अकरा दिवस तुरुंगात होते, आणि त्या अकरा दिवसांवर त्यांची आजवर निदान पन्नास व्याख्याने झाली होती.

“डॉक्टर, एक सही हवी होती,” असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे एक टंकलिखित कागद ठेवला. मंडळाच्या गोठ्यातील एकोणीस वासरे विषप्रयोगाने मेली असल्याचे शवविच्छेदनावरून दिसून येते, असा त्याचा मजकूर होता.

“कोणाच्या शवविच्छेदनावरून?” मी विचारले.

“तुमच्याच.”

“माझ्या एकाही शवविच्छेदनात विष आढळलेले नाही.”

“आढळले नाही, असे तरी तुम्ही कुठे लिहिले आहे? ‘अतिसार, कारण अनिश्चित,’ असे लिहिले आहे. अनिश्चित आहे ते निश्चित करा, एवढीच विनंती.”

विष कोणी घातले, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते. “रामज्याने. आणखी कोण?”

रामजी गमरे हा मंडळाच्या गोठ्यात नऊ वर्षे शेण काढीत होता. मूळचा रत्नागिरीकडचा, नायगावच्या चाळीत राहणारा. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर चिटणिसांना शांतपणे सांगितले, की शेण काढीन, गोठा धुईन, मेलेले जनावर ओढणार नाही. ओढण्याचे हे काम त्याच्याकडे कोणत्याही कराराने आलेले नव्हते. तो जन्माला आला, त्या अर्थी ते त्याचे आहे, असे मंडळाने गृहीत धरले होते. त्यानंतर मेलेल्या तीन वासरांसाठी हातगाडी बोलवावी लागली. वासरे त्याआधी दीड वर्ष मरत होती. संशय मात्र त्या हातगाडीबरोबर गोठ्यात आला.

“पुरावा?” मी म्हणालो.

शामरावांचे डोळे चमकले. “गेल्या वर्षीचा जानेवारी आठवा. गोळीबार, कर्फ्यू. रामज्या सहा दिवस नायगावात अडकून पडला होता. त्या सहा दिवसांत तीन गाई व्याल्या आणि तिन्ही वासरे जगली! तो असला की मरतात, नसला की जगतात. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही, डॉक्टर. न्यायशास्त्राला आणखी काय हवे?”

न्यायशास्त्राला काय हवे ते मला ठाऊक होते, परंतु आकडा खरा असेल तर तो झटकून टाकण्यासारखा नव्हता, हेही मला कबूल करावे लागले. सोमवारपर्यंत सही न मिळाल्यास मंडळ सहीवाचूनच पोलिसांत जाईल, असे बजावून शामराव उठले. जाताना दारात थबकून त्यांनी महाराष्ट्रावर होणाऱ्या अन्यायाविषयी चार वाक्ये ऐकवली. ती चांगली वाक्ये होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यावर गेलो आणि गाईंच्या वेतांची नोंदवही मागून घेतली. तेवीस महिन्यांत चोवीस वासरे जन्मली होती. एकोणीस मेली, पाच जगली. त्या पाचांपैकी तीन खरोखरच संचारबंदीच्या आठवड्यातील होती. उरलेली दोन का जगली, ते मला आजही सांगता येणार नाही.

रामजीला आत पाऊल ठेवण्याची बंदी झाली होती. तो फाटकाबाहेर खराटा घेऊन उभा होता.

“पोलिसांत जाणार आहेत म्हणे,” तो म्हणाला.

“तुम्हाला काय सांगायचे आहे?”

“मी काय सांगणार, साहेब? गावात गुरं मेली की पाटील आमच्या वस्तीकडं बोट दाखवायचा. माझ्या आज्याला एकदा तीन दिवस खांबाला बांधून ठेवलेलं. सुटल्यावर तो गाव सोडून मुंबईला आला. आता मी मुंबई सोडून कुठं जाऊ, तेवढं सांगा.”

मी आत जाऊन लवू गवळ्याला गाठले. हा मालवणकडचा, गोठ्यातच राहणारा, धारा काढण्यात तरबेज आणि बोलण्यात चोर. संचारबंदीच्या आठवड्यात गोठ्यात काय निराळे घडले, असे विचारताच तो चरवी उगाचच दुसऱ्यांदा घासू लागला.

“काय नाय. सगळा नेहमीसारखाच.”

“त्या तीन गाईंचा चीक फणसवाडीला कोणी नेला?”

चरवी थांबली. “डाक्टरानू, कोणाक सांगू नका हां. बाहेर गोळी चालता, गिरगावात्सून कोण येतलो? मी एकटो, चाळीस गुरां. काय करतलंय? वासरांक सोडलंय आवशीकडे. प्याली ती.”

“पहिला चीक?”

“सगळो. चिटणिसांका सांगितलंय नासलो म्हणून.”

मी पाण्याच्या नांदीच्या काठावर बसलो. गोठ्याचा नियम मला ठाऊक होता; दोन वर्षे तो माझ्या डोळ्यांसमोर पाळला जात होता. गाय व्याली की वासराला लगेच दूर बांधायचे. पहिल्या तीन वेळच्या धारांचा चीक सोवळ्यात काढून फणसवाडीत न्यायचा, देवाला दाखवायचा आणि मग त्याचा खरवस देणगीदारांना वाटायचा. तोपर्यंत वासराचे तोंड कासेला लागता कामा नये, कारण मग चीक उष्टा होतो आणि उष्टा चीक देवाला चालत नाही. वासरू उपाशी राहत नसे. त्याला दुसऱ्या गाईचे दूध पोटभर पाजीत. त्या पोटभर दुधावर ते आठ-दहा दिवसांत हगून हगून मरे.

गाईच्या वारेतून वासराकडे रोगांशी झुंजणारी द्रव्ये जात नाहीत. माणसाचे मूल आईकडून काही शिदोरी घेऊन जन्मते. वासरू रिकामे येते. त्याची सगळी शिदोरी पहिल्या चिकात असते, आणि ती जशीच्या तशी रक्तात घेण्याची शक्ती त्याच्या आतड्याला जेमतेम एक दिवस असते. त्यातही पहिले काही तास मोलाचे. दुसऱ्या दिवशी चिकाचा हौद पाजला तरी ते केवळ अन्न ठरते. असे वासरू बाहेरून धडधाकट दिसते आणि गोठ्यातला कोणताही फडतूस जंतू त्याला लोळवू शकतो. अमेरिकेत काही वासरांना चीक पाजून आणि काहींना न पाजता हा प्रयोग त्याच्या पस्तीस वर्षे आधीच झालेला होता. मी तो वाचला होता आणि विद्यार्थ्यांना शिकवलाही होता. एकोणीस वासरे फाडताना तो मला एकदाही आठवला नाही. चीक वासरासाठी असतो हे मी वर्गात सांगत होतो आणि घरी येऊन तो वाटीतून खात होतो.

शनिवारी फणसवाडीत सभा भरली. अध्यक्षस्थानी कमलाबाई होत्या. काळबादेवीच्या एका कापडव्यापाऱ्याच्या त्या विधवा. मंडळाचा निम्मा खर्च त्या उचलीत आणि सगळी बुद्धी आपल्यापाशी ठेवून घेत. मी अर्धा तास बोललो. माझे बोलणे संपल्यावर शामराव हसले.

“म्हणजे देवाला नैवेद्य दाखवला म्हणून वासरे मेली, असे आपले म्हणणे?”

“वासरांचा घास काढून घेतला म्हणून मेली. तो पुढे देवाला दाखवला की बाजारात विकला, याच्याशी त्यांच्या आतड्याला कर्तव्य नाही.”

“पण उष्टे, डॉक्टर! उष्टे!”

“पान्हा सोडवताना वासराचे तोंड शुद्ध असते, असे तुमचेच धर्मशास्त्र सांगते.”

“तो नियम दुधाचा. चिकाचा उल्लेख नाही,” शामराव तत्काळ म्हणाले. सोयीचा उल्लेख आणि सोयीचा अनुल्लेख या दोहोंवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते.

कमलाबाईंना शास्त्रात रस नव्हता. “ते राहू द्या. तांबू गाय आठवड्यात व्यायची आहे. वाडीतल्या सत्याग्रहींचा सत्कार ठरलाय. शंभर पानं! चीक वासराला पाजला तर लोकांना वाढायचं काय? श्रीखंड?”

“वाढा श्रीखंड.”

“आणि डॉक्टर, दोन वर्षं तुम्ही खाल्लातच की. मागे एकदा वेलदोडा कमी पडला म्हणून निरोपसुद्धा पाठवला होतात.”

सभा हसली. निरोप मी पाठवला होता, तेव्हा हसण्याचा तिला हक्क होता. पण हसू माझ्या वर्मी लागले, आणि वर्मी लागलेला विद्वान जे करतो तेच मी केले. मी पैज मांडली. तांबूच्या वासराला पहिला चीक पाजायचा. रामजीला त्या दिवशी आणि पुढे पंधरा दिवस गोठ्यातच ठेवायचे. म्हणजे मारतो कोण, रामजी की खरवस, याचा निवाडा होईल. तोवर पोलिसांत जायचे नाही.

“आणि वासरू मेले तर?” शामरावांनी विचारले.

“तर तुमच्या कागदावर मी सही करीन.”

कमलाबाईंनी एक बोट वर केले. “एक गाय,” त्या म्हणाल्या. “एकच हं. सत्काराला बासुंदी करू.”

तांबू गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास व्याली. मी पोचलो तेव्हा शामराव सोवळे नेसून, रिकामी चरवी हातात धरून दाराशी उभे होते. चीक मिळणार नाही हे ठरलेले असताना चरवी कशासाठी, असे मी विचारले. “वासराचे भागल्यावर काही उरले तर,” ते म्हणाले, “फेकून तर द्यायचे नाही ना?” तत्त्व इतक्या लवकर पातळ झालेले मी क्वचितच पाहिले आहे.

पण वासरू उठेना. दहा वाजले, साडेदहा झाले. ते मागचे पाय पसरून नुसते मान हलवीत होते. पुढचे पाय रोवायचे, ढुंगण उचलायचे आणि पुन्हा कोसळायचे. लवूने दोनदा उचलून पाहिले. दोन्ही वेळा त्याच्या हातून निसटले.

“रामजी, तुम्ही या,” मी हाक मारली.

रामजी फाटकापाशी होता. तो हलला नाही. “मी हात लावला आणि उद्या काही झालं तर?”

“मी सांगतो आहे.”

“तुम्ही सांगताय, साहेब. लिहितात ते.”

लवू वैतागला. “अरे ये रे बाबा! तुझ्याच गळ्याक फास आसा मां? मगे ओढ!”

रामजी आला. त्याने गोणपाट घेतले आणि वासराचे अंग असे चोळले, की त्याची कातडी गरम झाली असणार हे मला दुरूनच कळले. मग एक हात छातीखाली, एक मांड्यांमागे घालून त्याने ते उभे केले आणि स्वतः गुडघ्यांवर बसून ते कासेपर्यंत नेले. लवूने सड तोंडात दिला. वासराने तो सोडला, पुन्हा धरला, आणि मग त्याचे शेपूट हलू लागले. शामरावांनी मान फिरवली. “उष्टे झाले सगळे,” ते पुटपुटले. वासरू पाव तास पीत होते. मी घड्याळ पाहिले होते. मला दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

चार दिवस ते उड्या मारीत होते. पाचव्या दिवशी त्याला ताप चढला आणि पिवळे पाणी सुरू झाले.

चीक प्यायलेले वासरू मरूच शकत नाही, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. पुष्कळ जगतात, काही मरतात. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रयोगातही पुष्कळ वासरे होती. एका वासरावरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी परीक्षेत नापास केले असते. आणि एका माणसाचा तुरुंग मी एका वासराच्या आतड्यावर लावून बसलो होतो. त्या दुपारी मी गोठ्यात पोचलो, तो शामराव तेथे माझ्याआधी हजर होते.

“कागद बरोबरच आणला आहे, डॉक्टर,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, आणि ती खरी होती, माझ्याविषयी होती.

रामजी वासराजवळ मांडी घालून बसला होता. मीठ-साखरेचे कोमट पाणी तो चमच्याने त्याच्या तोंडात सोडीत होता. पुढचे तीन दिवस तो घरी गेला नाही. त्याची बायको जाईबाई सकाळ-संध्याकाळ भाकरी घेऊन येई आणि फाटकातून देऊन जाई. आठव्या दिवशी ताप उतरला. नवव्या दिवशी वासराने लवूच्या धोतराचा सोगा चावला. पंधरावा दिवस उजाडला तेव्हा ते कासेला ढुशा देत होते.

मंडळाची सभा पुन्हा भरली आणि तिने तीन ठराव केले. पहिला असा, की वासराने आधी प्राशन केलेला चीक हा गोवत्सप्रसाद मानावा आणि उरेल त्याचाच खरवस करावा. शामरावांना या बाबतीत एक वचन सापडले होते. दुसरा असा, की या संशोधनाबद्दल चिटणिसांचे अभिनंदन करावे. तिसरा मी उभे राहून ऐकला: ‘रामजी गमरे याजविरुद्धचा संशय तूर्त दूर झाल्याने मंडळ त्यास उदार अंतःकरणाने क्षमा करीत आहे व पूर्ववत कामावर घेत आहे.’

“क्षमा कशाची?” मी विचारले.

“अहो, भाषा आहे ती ठरावाची,” कमलाबाई म्हणाल्या. “परत घेतोय ना कामावर? मग झालं!”

ठरावाची प्रत घेऊन मी स्वतः नायगावला गेलो. मला त्यात थोडे तरी श्रेय घ्यायचे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. रामजीने प्रत दोनदा वाचली आणि घडी करून परत माझ्या हातात दिली.

“लवूनं मला सांगितलं,” तो म्हणाला. “वासरू मेलं असतं तर तुम्ही सही करणार होता.”

“ते मरणार नाही, अशी माझी खात्री होती.”

“पाचव्या दिवशी होती?”

मी उत्तर जुळवू लागलो. आयुष्यभर मी वाद घातले आहेत. “नव्हती,” मी म्हणालो.

“मग केली असतीत?”

“शवविच्छेदन केले असते. विष नाही, असे लिहिले असते.”

“वासराचं झालं. माझं काय?” त्याने आवाज चढवला नाही. “मला विचारलंत का, साहेब, पैज लावताना? मी फाटकाबाहेरच होतो.”

जाईबाई आतून म्हणाली, “क्षमा केली म्हणे! वासरांनी केली का त्यांना?”

रामजीने खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. रात्रशाळेत घोटलेले अक्षर होते, मोठे आणि सरळ. त्यात दोनच वाक्ये होती: ‘मी आपले काम आजपासून सोडीत आहे. आपण मला दिलेली क्षमा मी आपणास परत करीत आहे.’ शिवडीच्या गोदामांत त्याला कापसाच्या गासड्या उचलण्याचे काम मिळाले होते. “तिथं मरायला काही नसतं,” तो म्हणाला. “जड असतं, पण मरत नाही.”

तो कागद मी फणसवाडीत नेऊन दिला आणि इतिवृत्तात नोंदवा म्हणून सांगितले. शामरावांनी चष्मा लावला, कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

“राजीनामा नोंदवू,” ते म्हणाले. “पण क्षमा परत कशी घेता येईल? ठराव एकमताने मंजूर झालेला आहे.”

“माझे मत त्यात नव्हते.”

“तुम्ही मानद आहात, डॉक्टर. तुम्हाला मत नाही.”

मी तेथेच उभ्याने सल्लागारपदाचा राजीनामा लिहिला, आणि त्याच्याखाली एकोणीस वासरांच्या मृत्यूचे कारण एका ओळीत लिहिले: पहिला चीक न मिळणे, तो खाणाऱ्यांत मी स्वतः होतो. शामरावांनी राजीनामा ठेवून घेतला आणि खालची ओळ विषयपत्रिकेवर नसल्यामुळे कात्रीने कापून, व्यवस्थित घडी घालून, मला परत केली.